खोदण्याआधी जमिनीखालचं जाणून घ्या: केबल आणि पाइप शोधायचे कसे, जपायचे कसे

चर खणताना केबल तुटली की पहिलं वाक्य बहुधा एकच असतं: "नकाशात तर इथं काही नव्हतं." ते खरंही असेल. पण वीज, गॅस, पाणी, सांडपाणी, इंटरनेट या वाहिन्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या घाईत पुरलेल्या असतात. नोंद ठेवणाऱ्याने दर वेळी चरात उतरून माप घेतलेलं असतंच असं नाही.

म्हणून नकाशावरची रेघ, रस्त्यावरची रंगाची खूण, लोकेटरचा (वाहिन्या शोधणाऱ्या यंत्राचा) आवाज या सगळ्याला अंदाजच समजायचं. काही अंदाज जास्त भरवशाचे, काही कमी. वाहिनी उघडी होऊन डोळ्यांना दिसली की मगच ती सापडली असं म्हणायचं. सर्वेक्षणाच्या मानकांतही हीच उतरंड आहे. अमेरिकेतलं एएससीई ३८ आणि ब्रिटनमधलं पास १२८ ही दोन्ही मानकं माहितीचे चार दर्जे मानतात. नुसत्या कागदपत्रांवरून काढलेली माहिती 'डी' दर्जाची, जागेवर दिसणाऱ्या झाकणं-व्हॉल्व्हशी ताडून पाहिलेली 'सी', यंत्राने शोधलेली 'बी' आणि प्रत्यक्ष उघडं करून पाहिलेली 'ए'. पुढचं कामही याच क्रमाने करायचं आहे.

आधी आखणी

खोदायचं कुठं हे नक्की ठरण्याआधी वाहिन्या शोधायला माणूस बोलावला तर तो अर्धा दिवस नको त्या जागी फिरतो. चराची कड, खड्ड्याचे कोपरे, खांबांच्या जागा पांढऱ्या रंगाने किंवा खुंट्या ठोकून आखून घ्या. त्यात फक्त खड्डा धरू नका. मातीचा ढीग कुठं पडणार, जेसीबी कुठं उभा राहणार, पत्रे लावण्यासाठी खांब कुठं ठोकणार, चराच्या बाजू ढासळू नयेत म्हणून आधार कुठं रोवणार, हेही त्या आखणीत आलं पाहिजे. कुंपणाचा एक खांब रोवताना केबल फुटली तरी ती फुटलेलीच असते, आणि कुंपणाला कोणी खोदकाम म्हणत नाही म्हणून तिथं तपासणीही होत नाही.

खोली लिहून ठेवा. ६० सेंटिमीटरचा चर आणि ३ मीटरचा खड्डा यांना लागणारा शोध वेगळा असतो. चराच्या दोन्ही बाजूंना आणखी काही मीटरचा पट्टाही शोधात धरा, कारण ऐन वेळी चर सरकतोच.

कागद गोळा करा आणि त्यांच्यावर शंका घ्या

बऱ्याच देशांत खोदण्याआधी सूचना देण्याची एक खिडकी असते. अमेरिकेत ८११ हा क्रमांक २००७पासून देशभर चालतो. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये अशाच सेवा आहेत. भारतात 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३मध्ये सुरू झालं. तुमच्या भागात अशी व्यवस्था असेल तर तिथं आधी कळवा आणि उत्तर येण्यासाठी पुरेसे कामाचे दिवस हातात ठेवा. नसेल तर प्रत्येक संस्थेला स्वतंत्र पत्र लिहावं लागतं: वीज, गॅस, पाणी, मलनिस्सारण, दूरसंचार, पथदिवे, वाहतूक सिग्नल, जवळ रेल्वे असेल तर रेल्वे. पथदिवे आणि सिग्नल हमखास विसरले जातात.

उत्तरं आली की कोणाचं आलं नाही हे आधी पाहा. उत्तर न येणं आणि "आमची वाहिनी नाही" असं उत्तर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक पळवाट लक्षात ठेवा. संस्था बहुधा मीटरपर्यंतची वाहिनी आपली मानते. मीटरच्या पुढचं मालकाचं. बागेतल्या दिव्यांची केबल, बोअरवेलच्या मोटरची वायर, एका इमारतीतून दुसरीत नेलेला पाइप, जनरेटरची जोडणी, सेप्टिक टँकची नळी, गॅसच्या टाकीपासून आत आलेली लाइन यांतलं काहीच संस्थेच्या नकाशात नसतं आणि संस्थेचा माणूस ते शोधूनही देत नाही. मालकाला, जुन्या रखवालदाराला, देखभालीच्या माणसाला विचारा. त्यांच्या तोंडून निघालेलं "अहो, तिकडून एक वायर गेलीय पंपाला" हे वाक्य कुठल्याच फायलीत सापडत नाही.

नकाशे चुकतात याला कारणं आहेत आणि ती माहीत असली की नकाशा वाचता येतो. वाहिनी टाकली तेव्हा माप फुटपाथच्या कडेपासून घेतलेलं असतं आणि नंतर रस्ता रुंद होऊन ती कडच सरकते. खोली त्या वेळच्या जमिनीपासून असते. मग कधी वर थर चढतात, तर कधी जमीन उतरवली जाते. उतरवलेली जमीन जास्त धोक्याची, कारण एक मीटर खोल असायला हवी ती केबल पृष्ठभागाच्या जेमतेम वितीभर खाली उरते. बऱ्याच नकाशांवरची रेघ फक्त "या बाजूने गेली आहे" एवढंच सांगते. तिच्यावर पट्टी ठेवून अंतर मोजणं व्यर्थ आहे. मोठी वाहिनी दाखवलेली असते, पण तिच्यापासून घराघरात गेलेल्या जोडण्या दाखवलेल्या नसतात. नकाशावर सरळ दिसणारी केबल मध्ये दगड लागला म्हणून वळवलेलीही असू शकते.

"बंद" किंवा "सोडून दिलेली" असा शेरा दिसला तर ती चालू आहे असंच धरा. कागदावर बंद झालेल्या केबलमध्ये वीज आणि बंद झालेल्या पाइपमध्ये उरलेला गॅस सापडू शकतो. बंद असल्याचं मालक संस्थेने त्याच जागी तपासून लेखी द्यावं लागतं.

जागेवर चालत फिरा

नकाशा हातात घेऊन आखणीच्या आत-बाहेर चालायचं. यंत्र अजून गाडीतच राहू द्या.

झाकणं पाहा: मॅनहोल, व्हॉल्व्हचे चेंबर, मीटरचे डबे, वीजेचे खांब आणि पेट्या. शक्य तिथं झाकण उघडून पाइप कोणत्या दिशेला जातो, किती खोल आहे, कशाचा आहे हे पाहता येतं. उघडाल तर वरूनच पाहा, खाली उतरू नका. मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साचतो, प्राणवायू कमी असू शकतो, आणि तिथं उतरणं हे वेगळ्या प्रशिक्षणाचं आणि वेगळ्या परवानगीचं काम आहे. दोन मॅनहोलच्या मधली रेघ बहुधा सरळ असते, कारण मलवाहिनी उताराने वाहते आणि तिचं वळण सहसा मॅनहोलमध्येच दिलेलं असतं. दाबाने चालणाऱ्या वाहिनीला मात्र हा नियम लागू नाही.

डांबरावरचं ठिगळ वाचायला शिका. लांबट, अरुंद, वेगळ्या रंगाचा पट्टा म्हणजे कोणीतरी पूर्वी चर खणला होता. गवतावर तो पट्टा खचलेला किंवा जास्त हिरवा दिसतो. खांबावरून केबल खाली उतरून जमिनीत शिरते का ते पाहा. खांबाच्या पायाशी नळी दिसली की तिथून कुठंतरी केबल गेली आहे. प्रत्येक इमारतीला पाणी आणि वीज लागते, म्हणून मीटर भिंतीवर जिथं आहे तिथून मुख्य वाहिनीपर्यंत मनात एक रेघ ओढा. त्या रेघेवर नकाशात काहीच नसेल तर नकाशा अपुरा आहे.

एखादं झाकण नकाशात नसेल किंवा नकाशातलं झाकण जागेवर नसेल, तर त्या विसंगतीवर गोल करा. पुढे यंत्राचा वेळ तिथंच खर्च करायचा आहे.

लोकेटर: यंत्र काय ऐकतं आणि काय ऐकत नाही

विद्युतचुंबकीय लोकेटर जमिनीतली केबल किंवा पाइप "पाहत" नाही. धातूतून प्रवाह वाहताना भोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते तो पकडतो. प्रवाह नसेल तर यंत्र गप्प. यंत्र गप्प आहे म्हणून खाली काही नाही, असा निष्कर्ष काढणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी समजूत आहे.

सुरुवात निष्क्रिय पद्धतीने करा, म्हणजे फक्त रिसीव्हर (लोकेटरचा सिग्नल ऐकणारा भाग) घेऊन, स्वतःहून कोणताही सिग्नल न सोडता. वीजेच्या मोडमध्ये तो ५० किंवा ६० हर्ट्झचा प्रवाह शोधतो. रेडिओ मोडमध्ये दूरच्या कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी लांब धातूवर पडून परत निघतात, त्या शोधतो. आखलेल्या जागेवरून जाळीसारख्या पट्ट्यांमध्ये आधी एका दिशेने, मग तिला काटकोनात चाला, कारण तुमच्या चालण्याला समांतर जाणारी केबल एकाच दिशेच्या फेऱ्यांत निसटू शकते. यंत्र उभं, जमिनीलगत धरा. लोलकासारखं हलवू नका.

वीजेच्या मोडमध्ये वापरातली केबलही ऐकू येत नाही अशी कारणं आहेत. केबलवर त्या वेळी कसलाही भार नसेल, पथदिव्याची केबल दिवसा बंद असेल, तीन फेजमधला प्रवाह इतका समतोल असेल की त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारून टाकतात, किंवा प्रवाह एकदिश (डीसी) असेल. सौर पॅनेलची एकदिश केबल याचं अलीकडे वारंवार भेटणारं उदाहरण.

म्हणून दुसरी, सक्रिय पद्धत हवी. ट्रान्समीटरने ठरावीक वारंवारतेचा सिग्नल वाहिनीवर चढवायचा आणि तोच शोधायचा. त्याचे तीन मार्ग आहेत, आणि त्यांचा भरवसा याच क्रमाने उतरत जातो.

थेट जोडणी सर्वांत चांगली: व्हॉल्व्हला, धातूच्या पाइपला किंवा प्लॅस्टिकच्या पाइपसोबत पुरलेल्या शोध-तारेला क्लिप लावायची आणि अर्थिंगची सळई वाहिनीपासून काटकोनात, शक्य तितकी लांब रोवायची. सळईसाठी दुसऱ्या संस्थेचा पाइप किंवा लोखंडी कुंपण वापरलंत तर सिग्नल तिकडूनच परत येईल आणि तुम्ही कुंपणाचा शोध घेत बसाल. चालू वीज-केबलला थेट जोडणी कधीही करायची नाही.

दुसरा मार्ग क्लॅम्पचा. केबलभोवती चिमटा बसवला की सिग्नल तिच्यात उतरतो, केबल बंद करावी लागत नाही. मात्र वीजेच्या केबलला चिमटा लावणं हे त्या कामाची परवानगी असलेल्याच माणसाचं काम आहे.

तिसरा मार्ग प्रवर्तनाचा. ट्रान्समीटर वाहिनीच्या वर जमिनीवर ठेवायचा आणि सिग्नल हवेतून-मातीतून उतरू द्यायचा. सोयीचा, पण तो खालच्या एकाच वाहिनीत उतरत नाही, जवळ जे धातूचं असेल त्या सगळ्यांत उतरतो. शिवाय ट्रान्समीटरच्या जवळ रिसीव्हर थेट त्याचाच आवाज ऐकतो, म्हणून किमान १० ते १५ मीटर लांब जाऊन शोधायला सुरुवात करा.

वारंवारता निवडताना लोक बहुधा सगळ्यात जोरात वाजणारी घेतात. तिथंच चूक होते. ५१२ हर्ट्झसारखी कमी वारंवारता लांबपर्यंत जाते आणि शेजारच्या वाहिनीवर फारशी उडी मारत नाही, पण तिला चांगली थेट जोडणी लागते. ८ किलोहर्ट्झ मधली, रोजच्या कामाची. ३३ आणि ६५ किलोहर्ट्झच्या वारंवारता प्रवर्तनाने सहज चढतात, तुटक सांध्यांवरूनही पुढं जातात, पण शेजाऱ्यावरही तितक्याच सहज जातात. गर्दीच्या रस्त्यावर त्यांचा मोठा आवाज भलत्याच केबलचा असू शकतो. शक्य तितक्या कमी वारंवारतेने सुरुवात करा, सिग्नल पुरला नाही तरच वर जा.

सिग्नल खरा आहे का हे पाहायची सोपी चाचणी बहुतेक रिसीव्हरमध्ये असते. 'पीक' मोडमध्ये वाहिनीच्या डोक्यावर आवाज सर्वांत मोठा होतो, 'नल' मोडमध्ये सर्वांत लहान. दोन्हींनी दाखवलेली जागा एक असेल तर ठीक. पीक इथं आणि नल २० सेंटिमीटर पलीकडे असं झालं, तर क्षेत्र वाकडं झालं आहे. शेजारी दुसरी वाहिनी आहे. अशा जागी खूण करताना शंका लिहून ठेवा आणि तिथली खोली खरी धरू नका.

खोलीचा आकडा वाहिनीच्या मध्यापर्यंतचा असतो, माथ्यापर्यंतचा नाही. ३०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपचा माथा त्या आकड्यापेक्षा १५० मिलिमीटर वर असतो, आणि जेसीबीचा दात माथ्यालाच लागतो. आकडा पडताळायला रिसीव्हर जमिनीपासून बरोबर अर्धा मीटर उचला; खोलीही अर्ध्या मीटरने वाढली पाहिजे. वळणाजवळ किंवा फाट्याजवळ खोली घेऊ नका. आणि आकडा कितीही छान आला तरी "एवढी खोल आहे म्हणून वरचं यंत्राने काढू" असं ठरवू नका. तो आकडा चाचणी खड्डा कुठं घ्यायचा हे ठरवायला आहे.

रिसीव्हर सिग्नलच्या प्रवाहाचं मापही देत असेल तर ते पाहत चला. आवाज उथळ वाहिनीचा मोठा येतो. प्रवाह मात्र जिला ट्रान्समीटर जोडला तिच्यात सर्वांत जास्त असतो. प्रवाह एकदम निम्म्यावर आला तर तिथं फाटा फुटला आहे. मागे या, त्या जागेभोवती गोल फिरा, फाटा सापडेल.

लोखंडी जाळी असलेलं काँक्रीट, पत्र्याचं कुंपण, उभी गाडी या सगळ्यांमुळे सिग्नल बिघडतो. गाड्या हलवून घ्या. आणि रोज सकाळी माहीत असलेल्या केबलवर यंत्र चालवून पाहा. बॅटरी उतरलेला लोकेटरही गप्पच असतो.

धातू नसेल तर

प्लॅस्टिकचा पाइप, सिमेंटची मलवाहिनी, धातू नसलेली ऑप्टिकल फायबर केबल लोकेटरला ऐकू येत नाहीत. प्लॅस्टिकच्या गॅस-पाइपसोबत शोध-तार पुरायची पद्धत आहे, पण ती तार एका जागी तुटली की पुढचा पाइप गायब. रिकाम्या डक्टमध्ये (केबल ओढण्यासाठी पुरलेल्या नळीत) किंवा मलवाहिनीत तांब्याची तार असलेली लवचिक काठी, किंवा काठीच्या टोकाला छोटा ट्रान्समीटर लावून ढकलला की वरून त्याचा माग काढता येतो. पाण्याच्या पाइपमधला आवाज पकडणारी ध्वनियंत्रंही आहेत.

यापुढे जीपीआर, म्हणजे जमिनीत लहरी सोडणारं रडार. मातीपेक्षा वेगळा पदार्थ लागला की लहर परतते आणि पडद्यावर उलट्या कमानीसारखी आकृती उमटते. प्लॅस्टिकही दिसू शकतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. कोरड्या वाळूत ते उत्तम चालतं. ओल्या चिकणमातीत आणि खारट जमिनीत लहर थोड्याच खोलीवर मुरते आणि पडद्यावर फक्त धुरळा राहतो. ढोबळ नियम असा की पाइपचा व्यास खोलीच्या निदान एक दशांश असावा, म्हणजे एक मीटर खोलीवर १० सेंटिमीटरचा. त्याहून बारीक घरगुती जोडणी निसटू शकते. जीपीआर भाड्याने आणण्याआधी मातीची चौकशी करा, निम्मे पैसे तिथंच वाचतात.

खुणा

अमेरिकेत वापरला जाणारा रंगांचा संकेत बऱ्याच ठिकाणी उचलला गेला आहे: वीज लाल, गॅस आणि तेल पिवळा, दूरसंचार नारिंगी, पिण्याचं पाणी निळा, पुनर्वापराचं पाणी जांभळा, मलवाहिनी आणि पावसाचं पाणी हिरवा, तात्पुरता सर्वे गुलाबी, नियोजित खोदकाम पांढरा. तुमच्या देशात दुसरा संकेत असेल तर तोच वापरा. ब्रिटनमध्ये वीजेचा डक्ट काळा किंवा लाल आणि गॅसचा पिवळा असतो. कामावरच्या प्रत्येकाला तोच संकेत माहीत असणं महत्त्वाचं.

खुणेजवळ वाहिनीचा प्रकार, मालक, सापडलेली खोली आणि शोधायची पद्धत लिहा. पावसाने आणि टायरने रंग दोन-चार दिवसांत उडतो. म्हणून खुणांचे फोटो काढा आणि जवळच्या न हलणाऱ्या दोन गोष्टींपासून (भिंतीचा कोपरा, खांब) टेपने अंतर मोजून ठेवा. खुणा पुसट झाल्या तर आठवणीने रंग मारू नका, मापांवरून मारा किंवा पुन्हा शोधा.

चाचणी खड्डा

जिथं चर खुणेला छेदतो, जिथं चर खुणेच्या जवळून समांतर जातो, आणि जिथं मघाशी गोल केला होता, तिथं चाचणी खड्डे घ्या. वाहिनी समांतर असेल तर एकाच खड्ड्यावर भागत नाही, थोड्या थोड्या अंतरावर घेत जा. पाइप सरळ असेलच असं नाही आणि केबल तर नागमोडी जाते.

हातानेच खणा. चपट्या पात्याचं फावडं वापरा, लाकडी किंवा इन्सुलेशन असलेल्या दांड्याचं. टिकाव, पहार, टोकदार कुदळ खुणेच्या आसपास नको: त्यांचं बळ एका बिंदूवर येतं आणि टोक नेमकं केबलमध्ये घुसतं. माती कडक असेल तर लोक जोर वाढवतात. त्याऐवजी पाणी टाकून माती मऊ होऊ द्या आणि वाट पाहा. खुणेच्या डोक्यावर सरळ खाली खणू नका. थोडं बाजूला खोल जा, मग वाहिनीच्या दिशेने आडवी माती खरवडत या. फावडं आडवं सरकत असेल तर केबलला धक्का लागला तरी घाव बसत नाही. फावड्यावर पायाचा झटका देऊन उडी मारणं तर नकोच.

निर्वात खोदाईचं यंत्र मिळत असेल तर उत्तम. त्यात हवेच्या किंवा पाण्याच्या झोताने माती सुटी करतात आणि नळीने शोषून घेतात. पाण्याचा झोत फार जोराचा असेल तर तोही केबलचं आवरण कापतो. म्हणून दाब कमी ठेवायचा आणि झोत एका जागी थांबवायचा नाही.

खणताना रंगीत प्लॅस्टिकची पट्टी लागली, किंवा विटा-फरशांची रांग लागली, किंवा माती बदलून अचानक बारीक वाळू आली, तर थांबा. पट्टी आणि फरशा केबलच्या वर इशारा म्हणून टाकलेल्या असतात, वाळू तिच्याभोवती गादी म्हणून. पट्टी नाही लागली म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या चरांत ती नसते.

वाहिनी दिसली की तिचा माथा आणि तळ, व्यास, पदार्थ, जमिनीपासून खोली मोजा आणि फोटो घ्या. नकाशात दोन केबल होत्या आणि खड्ड्यात एकच दिसत असेल, तर काम संपलेलं नाही. दुसरी बहुतेक वेळा पहिलीच्या खाली किंवा अर्ध्या हातावर असते. दोन केबल मिळाल्या तरी थोडं पुढं खणा, तिसरी नाही ना ते पाहा.

आता यंत्र

वाहिनीच्या दोन्ही बाजूंना यंत्रबंदीचा पट्टा ठेवा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो वाहिनीच्या बाहेरच्या कडेपासून १८ किंवा २४ इंच, म्हणजे साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर असतो. ब्रिटनमधलं मार्गदर्शन वीजेच्या केबलच्या खुणेपासून अर्ध्या मीटरच्या आत हातात धरायचा ब्रेकर वापरू नका असं सांगतं. तुमच्याकडे नियम जास्त कडक असेल तर तो पाळा. मोठ्या दाबाच्या गॅसवाहिनीसाठी मालक संस्था बहुधा बरंच जास्त अंतर आणि आपला माणूस हजर असावा अशी अट घालते.

ऑपरेटरशी काम सुरू होण्याआधी जागेवर उभं राहून बोला. ऑपरेटर केबिनमध्ये बसलेला असतो आणि बकेटच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. खाली एक पाहणारा माणूस हवा, ज्याचं काम फक्त बकेटकडे आणि मातीकडे पाहणं हेच आहे. फोन, चहा, मोजमाप काही नाही. त्याने हात वर केला की यंत्र थांबलं पाहिजे आणि त्यावर वाद नंतर. बकेटला दात असतील तर काढा किंवा सपाट पातं लावा. जेसीबीने पातळ थर काढायचा, थांबायचं, पाहायचं, मगच पुढचा थर.

उघडी पडलेली वाहिनी

माती हीच वाहिनीचा आधार असते. ती काढली की पाइप लोंबकळतो आणि सांध्यावर ताण येतो. म्हणून लांब तुकडा उघडा पडणार असेल तर आडव्या तुळईवरून रुंद पट्ट्यांनी टांगा. बारीक दोरी किंवा तार आवरणात रुतते. किती अंतरावर आधार द्यायचा हे मालक संस्थेला विचारा. पाइपवर पाय देऊन चरात उतरणं आणि केबलला काहीतरी बांधणं दोन्ही सारखंच वाईट.

जुने ओतीव लोखंडी पाइप ठिसूळ असतात. ते वाकत नाहीत, तडकतात. शेजारी चर खणल्यामुळे माती थोडी सरकली किंवा रोलरने हादरे बसले तरी फुटू शकतात. जुन्या कागदी इन्सुलेशनच्या, शिशाच्या आवरणाच्या वीज-केबल बाजूला सरकवू नका. केबलचे जोड तर मुळीच हलवू नयेत.

पाण्याच्या वाहिनीच्या वळणाशी काँक्रीटचा ठोकळा दिसला तर त्याच्या मागची माती काढू नका. वळणावर पाण्याचा दाब पाइपला बाहेर ढकलतो, आणि ठोकळा तो जोर मागच्या मातीवर टाकतो. माती गेली की ठोकळा सरकतो, सांधा सुटतो आणि चर मिनिटांत भरतो. आत माणसं असतील तर त्यांना बाहेर पडायला वेळ मिळत नाही. खणण्याला पर्याय नसेल तर वाहिनी बंद करून घ्यावी लागते.

धक्का लागला तर

गॅसचा वास किंवा फुत्कार आला की काम थांबवा, सगळ्यांना वाऱ्याच्या उलट दिशेला लांब न्या, ठिणगी पडेल असं काही चालू किंवा बंद करू नका, आणि लांब गेल्यावर फोन करा. भोक बुजवायचा, पाइप दाबून धरायचा, वर माती टाकायचा प्रयत्न नको. माती टाकली तर गॅस जमिनीतून, गटारातून, डक्टमधून शेजारच्या इमारतीत शिरतो. गॅसला वास देण्यासाठी मिसळलेलं द्रव्य मातीत शोषलं जाऊ शकतं, म्हणून वास कमी झाला म्हणजे गळती थांबली असं नाही. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो. एलपीजी जड, ती चरात साचते. गॅस पेटला असेल तर ज्वाळा विझवू नका, आजूबाजूचं वाचवा. ज्वाळा विझली आणि गॅस चालू राहिला तर स्फोटाची तयारी होते.

वीजेची केबल लागली आणि यंत्र तिला टेकून असेल तर ऑपरेटरने आत बसून राहायचं. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता, घासत घासत लांब जायचं. जमिनीतून पसरणाऱ्या वीजेत दोन पायांखालच्या विद्युतदाबात फरक पडतो, आणि लांब ढांग टाकली की तो फरक शरीरातून जातो. फ्यूज उडाला, दिवे गेले म्हणून केबल मेली असं समजू नका. यंत्रणा आपोआप पुन्हा वीज जोडू शकते.

आता सर्वांत कमी गाजणारा प्रकार: धक्का लागला, पण काहीच झालं नाही. पाइपवर एक ओरखडा, रंग गेला, थोडी खाच. माती टाकून पुढं जायचा मोह इथं होतो. ३० जुलै २००४ रोजी बेल्जियममधल्या गिस्लेनगियन इथं उच्च दाबाची गॅसवाहिनी फुटली आणि २४ जण मेले, त्यांत गळतीची खबर मिळून आलेले अग्निशमन दलाचे लोकही होते. त्या पाइपला आधीच्या बांधकामात यंत्राने खाचा पडल्या होत्या. अमेरिकेत बेलिंगहॅम इथं १० जून १९९९ रोजी पेट्रोलवाहिनी फुटून तीन मुलगे मेले. तिला १९९४मध्ये शेजारच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या बांधकामात इजा झाली होती. खाच पडली तेव्हा दोन्ही ठिकाणी पाइप फुटला नव्हता. म्हणून ओरखडा, निघालेला थर, तुटलेली शोध-तार, वाकलेली फायबर केबल, काहीही झालं तरी मालक संस्थेला कळवायचं आणि त्यांनी पाहीपर्यंत उघडं ठेवायचं. कामगाराने ओरखड्याची बातमी आणली की त्याला दंड करणाऱ्या ठिकाणी पुढची बातमी कोणी आणत नाही, हेही मुकादमाने लक्षात ठेवावं.

भरणी

वाहिनीखाली आणि बाजूला बारीक, दगड नसलेली माती किंवा वाळू भरा आणि ती हाताने दाबा. पाइपच्या बगलेत पोकळी राहिली तर वरचा भार एका बिंदूवर येतो. माथ्यावर साधारण ३० सेंटिमीटरचा थर होईपर्यंत जड कॉम्पॅक्टर (माती दाबणारं यंत्र) चालवू नका. शोध-तार काढावी लागली असेल तर जोडून, तिच्यातून सिग्नल जातो का ते लोकेटरने पाहून मगच झाका. इशारापट्टी आणि फरशा होत्या तिथं परत ठेवा, नसतील तर नवी पट्टी टाका.

माती टाकण्याआधी प्रत्येक उघड्या वाहिनीचं माप पुन्हा घ्या, अक्षांश-रेखांशासह आणि न हलणाऱ्या खुणांपासूनच्या अंतरासह. नकाशात नव्हती अशी जी वाहिनी सापडली, तिचं माप आणि फोटो मालक संस्थेला लेखी पाठवा. मालक कोण हेच कळत नसेल तर ज्या खिडकीत सूचना दिली होती तिथं नोंदवा. नवी वाहिनी टाकली असेल तर तिची खोली जमिनीपासून किती हे लिहिताना, ती जमीन म्हणजे डांबराचा पृष्ठभाग की त्याखालचा थर, तेही लिहा.